वीकेंड होम सोमवार ते शुक्रवार काय करतं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात मॉडर्न फार्महाऊस स्टाइलच्या वीकेंड होमवर पानभर लेख आला तो वाचला, फोटो झकासच होते, पांढऱ्याशुभ्र भिंती, बारीक काळ्या चौकटींच्या खिडक्या, दोन बाजूंना उतरणारं उंच छप्पर, आत लाकडी तुळया आणि डायनिंग टेबलावर लोंबणारे ते काळे दिवे. आमच्याकडे ते पान कापून फ्रीजवर लागलंय सुद्धा. पण सगळा लेख वाचूनही एक गोष्ट कुठेच सापडली नाही, ती म्हणजे हे घर सोमवार ते शुक्रवार काय करतं? फोटोत सगळीकडे माणसं हसत बसलेली, आणि वीकेंड होम तर मुळात बंद असणारं घर. साधा हिशोब करा ना, वर्षाचे ५२ आठवडे, एकही न चुकवता दोन-दोन दिवस गेलात तरी १०४ दिवस, उरलेले २६१ दिवस घराला कुलूप. आणि दर आठवड्याला जातंय कोण, पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरला की पाहुणे आले तर, सुट्टी जोडून आली तर, मुलांच्या परीक्षा नसल्या तर. त्यामुळे माझं म्हणणं असं की हे घर डिझाइन करताना आधी बंद घराचा विचार करायचा आणि उघड्या घराचा नंतर. बहुतेक ठिकाणी बरोब्बर उलटं होतं म्हणून हे पत्र.

मी आर्किटेक्ट नाही, बांधकामाच्या साइटवर सुपरव्हिजन करण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे माझा चष्मा जरा गळती, ओल आणि ड्रेनेजचाच आहे हे आधीच सांगतो.

ही स्टाइल आली कुठून ते आधी बघू. अमेरिकेत २०१० नंतरच्या दशकात टीव्हीवरच्या घर-दुरुस्तीच्या कार्यक्रमांनी ती घराघरात पोचवली आणि तिथून मोबाईलवर फिरत फिरत सगळ्या जगात गेली. पण तिच्यातली एकेक गोष्ट मूळ शेतावर कशासाठी होती हे बघितलं तर मजा वाटते. भिंतीला त्या उभ्या फळ्या आणि फळ्यांच्या सांध्यावर अरुंद पट्ट्या असतात ना, ज्याला बोर्ड अँड बॅटन म्हणतात, त्यात पट्टीचं काम एकच, फळी सुकून आकसली की जी फट पडते ती झाकणं. अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग नावाच्या अमेरिकन लेखकाने १८५० च्या सुमारास खेड्यातल्या घरांसाठी या उभ्या फळ्यांचा पुरस्कार केला तेव्हा त्याचं म्हणणं असं की घराचा लाकडी सांगाडा उभ्या खांबांचा आहे तर बाहेरून पण उभंच दिसू दे. आज आपण काय करतो, विटांची किंवा ब्लॉकची भिंत बांधतो, गिलावा करतो आणि त्याच्यावर सिमेंट बोर्डाच्या पट्ट्या स्क्रूने ठोकतो. फट नाहीच, मग पट्टी झाकते काय? उलट पट्टीमागे पाणी शिरायला नवीन जागा तयार होते. तीच गोष्ट उंच टोकदार छपराची, बर्फ घसरून पडावं म्हणून तो उतार, आणि धान्याच्या कोठारात आतली ती उंची गवताचे भारे रचायला. पांढरा रंग चुन्याचा, कारण चुना स्वस्त आणि त्याच्या दाहकपणामुळे गोठ्यात किडा-बुरशी कमी होते. सगळ्याला कारण होतं, आणि ते कारण कामाचं होतं, शोभेचं नव्हतं.

आणि तो बार्न डोअर! रुळावर सरकणारा मोठा लाकडी दरवाजा. कोठारात गाडी आत जाईल एवढं रुंद दार लागायचं, बिजागरीवर टांगलं तर वाऱ्याने आपटणार, समोर बर्फ साचला तर उघडणार नाही, म्हणून सरकतं. आता तो आणून लावतात कुठे, तर बेडरूमच्या बाथरूमला. भिंत आणि दार यांच्यात फट राहतेच, आवाज आणि वास दोन्ही बाहेर, आत बसलेल्या पाहुण्याची आणि बाहेर बसलेल्या यजमानाची दोघांची पंचाईत. कडी पण नीट बसत नाही. स्टोअररूमला लावा की, कोण नको म्हणतंय, पण बाथरूमला साधा बिजागरीचा दरवाजा सोडून दुसरं काही लावू नका.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या खोट्या झडपांचा. भिंतीला चार स्क्रूने कायमच्या ठोकलेल्या, मोजून बघितल्या तर दोन्ही मिळून खिडकीची अर्धी रुंदी पण झाकणार नाहीत. अहो, आठवड्यातले पाच दिवस बंद राहणाऱ्या घराला खऱ्या झडपांची जेवढी गरज आहे तेवढी दुसऱ्या कुठल्याच घराला नाही! खऱ्या, भक्कम, बंद होणाऱ्या, आतून कडी लागणाऱ्या. उन्हाने सोफ्याच्या कापडाचा रंग उडत नाही, वादळात काच वाचते, चोराला आत काय आहे ते दिसत नाही आणि फळ्या तिरक्या असतील तर हवा खेळती राहते. एकाच वस्तूत चार कामं, ती वस्तू त्या स्टाइलमध्ये आधीपासून आहे, आणि आपण नेमकी तीच खोटी करून ठेवतो.

असं नाही की जगात कोणी नीट विचार केलेला नाही. गावाबाहेरचं आरामाचं घर ही आजची फॅशन नाहीच, रोमन काळात धाकटा प्लिनी नावाच्या लेखकाने सन १०० च्या आसपास एका मित्राला पत्र लिहून आपल्या समुद्रकाठच्या घराचं वर्णन केलंय, रोम पासून १७ मैल, म्हणजे दिवसाचं काम उरकून मुक्कामाला जाता येईल असं. त्यात दिखाव्याचं फार नाही, कुठल्या खोलीत ऊन कधी येतं, लाटांचा आवाज कुठे येत नाही, एका अर्धगोल खोलीत सूर्य कसा दिवसभर एकेका खिडकीतून फिरतो, आणि लांब पडवीसारख्या बंदिस्त वाटेला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, वारा ज्या बाजूचा असेल त्या बाजूच्या लावून घ्यायच्या. आता बघा, एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे सुचलं ते आपल्या ब्रोशरमध्ये नसतं, तिथे इटालियन मार्बल असतो.

अलीकडचं उदाहरण द्यायचं तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सी रँच म्हणून वसाहत आहे, तिथली १९६५ ची दहा घरांची पहिली इमारत मूर, लिंडन, टर्नबुल आणि व्हिटेकर या चौघा आर्किटेक्टनी केली. तिथल्या जुन्या कोठारांवरूनच घेतलेली, एकाच बाजूला उतरणारी छपरं, न रंगवलेलं लाकूड जे हवेने आपोआप करडं पडतं म्हणजे दर दोन वर्षांनी रंगाऱ्याला बोलवायची भानगड नाही. छपराला वळचण जवळजवळ ठेवलीच नाही, कारण समुद्रावरून सतत सुसाट वारा आणि बाहेर आलेली कड वाऱ्यात फडफडते. आता गंमत अशी की हीच बिन-वळचणीची छपरं मासिकात छान दिसतात म्हणून लोक धो धो पावसाच्या जागी उचलून आणतात, मग भिंतीवर थेट झड, खिडकीच्या वरून पाझर, दोन वर्षांत गिलावा फुगलेला. तिकडे जी गोष्ट शहाणपणाची ती इकडे खुळेपणाची. ऑस्ट्रेलियात ग्लेन मर्कट या आर्किटेक्टने १९७५ च्या सुमारास शेतावर मेरी शॉर्ट हाऊस केलं, लाकूड आणि नालीदार पत्रा, जमिनीपासून उचललेलं, खालून हवा जाते, भिंतीला उघड-मीट करता येणाऱ्या तिरक्या पट्ट्या. याला २००२ साली प्रित्झकर हे आर्किटेक्टना मिळणारं सगळ्यात मानाचं पारितोषिक मिळालं, पत्र्याची घरं करणाऱ्या माणसाला, हे आपल्या पत्रा म्हटलं की नाक मुरडणाऱ्या मंडळींना सांगावंसं वाटतं.

बरं, आता बंद घराकडे येतो.

बंद घरात पहिली गोष्ट बिघडते ती डोळ्याला दिसत नाही. बाथरूमच्या फरशीतली जाळी आणि बेसिनखालचा वळलेला पाइप, याला ट्रॅप म्हणतात, त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं, गटारातला वास त्या पाण्यामुळेच वर येत नाही. घर वापरात नसलं की काही आठवड्यांत ते वाफ होऊन उडून जातं, त्यातही पाहुण्यांच्या बाथरूमचा ट्रॅप आधी, आणि मग दार उघडल्या उघडल्या जो भपकारा येतो त्याला लोक म्हणतात घराला बंद पडल्याचा वास येतोय, रूम फ्रेशनर मारा. फ्रेशनर नको हो, ट्रॅप कमीत कमी ठेवा, जे असतील ते खोल सीलचे, म्हणजे जास्त पाणी धरणारे, किंवा रबरी पडद्याचे घ्या, आणि निघताना प्रत्येकात एक तांब्या पाणी आणि वरून चमचाभर तेल सोडा, तेलाचा थर पाणी उडू देत नाही. डिझाइनच्या वेळी चार बाथरूम काढायच्या आधी हे आठवावं. पाण्याचंच अजून एक, साठवणीच्या गीझरमध्ये आठवडाभर कोमट पाणी पडून राहणं बरं नाही, २० ते ४५ अंशांच्या मधे लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. आल्यावर गीझर ६० अंशांपर्यंत तापू द्या, नळ दोन-चार मिनिटं खिडकी उघडी ठेवून वाहू द्या, मग आंघोळ.

सेप्टिक टँकबद्दल तर कोणी बोलतच नाही, पुरवणीत छापण्यासारखा विषय नाही मान्य आहे. पण वीकेंड होमचा टँक फार विचित्र वागतो, पाच दिवस शून्य आणि शनिवारी एकदम चौदा माणसं, सगळ्यांच्या आंघोळी सकाळी नऊ ते अकरा. टँकमध्ये पाणी साधारण दिवसभर तरी शांत थांबलं तर गाळ खाली बसतो, असा लोंढा आला की गाळ न बसता पुढे शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा हळूहळू तुंबतो. त्यामुळे टँकचं माप घरच्या चार माणसांवर काढायचं नाही, सगळ्यात जास्त गर्दीच्या दिवसावर काढायचं. आणि निघताना स्वच्छतेच्या नादात बाटलीभर ॲसिड ओतून जाऊ नका, आतले जे जंतू काम करतात ते मरतात, मग पुढच्या शनिवारी तक्रार आमच्याकडे.

ओल आणि बुरशी. घर घट्ट बंद करून जायचं ही सवय, पण आतली हवा दमट राहिली आणि भिंतीपाशी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस टिकली की बुरशी धरतेच, आधी कपाटाच्या मागे, मग गाद्यांना. म्हणून कुलूप लावलेलं असताना सुद्धा हवा फिरेल अशी सोय ड्रॉइंगमध्येच हवी, खाली जोत्याजवळ एक झरोका आणि वर आढ्यापाशी एक, दोन्हीला बारीक जाळी, कारण सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून उंदराचं पिल्लू आरामात आत येतं. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवायचं नाही, चार बोटं सोडायची.

छपराबद्दल थोडं जास्त लिहितो. या स्टाइलमध्ये एका घराला तीन-तीन चार-चार त्रिकोण काढायची हौस असते, समोर एक मोठा, त्याच्या बाजूला छोटा, गॅरेजला अजून एक. कागदावर गोड दिसतं. पण दोन त्रिकोणांच्या पाखी, म्हणजे छपराचे उतार, जिथे भेटतात तिथे आत वळणारी पन्हळ तयार होते, सगळं पाणी आणि सगळा पालापाचोळा तिथेच येतो, आणि गळती सुरू झाली तर तिथूनच होते. राहत्या घरात छत गळलं तर तासाभरात बादली खाली येते, बंद घरात सोमवारी सुरू झालेली गळती शुक्रवारी रात्री कळते, तोपर्यंत लाकडी फ्लोअरिंग वर आलेलं असतं. म्हणून साधं लांबट घर, एक आढं, दोन पाखी, बास. मूळ कोठारं तशीच तर असायची! पत्रा घेतलात तर तो उन्हाने लांब होतो हे धरून चाला, १० मीटर लांबीचा स्टीलचा पत्रा तापमानात ५० अंशांचा फरक पडला की ६ मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट. वरून आरपार स्क्रू मारले असतील तर ती भोकं ओढली जाऊन मोठी होतात, रबरी वॉशर उन्हाने कडक होतात. उभ्या दुमडीचा पत्रा, ज्याला स्टँडिंग सीम म्हणतात, त्यात क्लिपा आत लपलेल्या असतात आणि पत्र्याला सरकायला जागा मिळते, शिवाय सांधा पाण्याच्या वर राहतो, पैसे जास्त जातात पण मी म्हणेन मार्बल कमी करा आणि इथे घाला. पत्र्याला लागून खाली इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, पाहिजेच, नाहीतर मोकळ्या आकाशाच्या रात्री पत्रा हवेपेक्षा गार पडतो, खालच्या बाजूला दव जमतं आणि टपटप पडतं, मग मालक म्हणतो पाऊस नाही तरी गळतंय, भूत आहे काय! पावसाचा आवाजही कमी होतो, अर्थात तो आवाज ऐकायलाच आलोय म्हणणारे पण भेटतात.

छपरावरून येणारं पावसाचं पाणी फुकट घालवू नका, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, १०० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पडला तर २००० लिटर, थोडं वाया गेलं तरी बागेला आठवडाभर पुरेल. तुम्ही नसताना झाडांना पाणी घालणारं कोणीतरी हवंच ना.

खिडक्यांबद्दल एवढंच की काळी चौकट आणि मोठी काच पश्चिमेला लावू नका, दुपारचं तिरकं ऊन कुठल्याच छज्जाने अडत नाही. दुहेरी काच घेतली की प्रश्न मिटला असं सेल्समन सांगतो, दुहेरी काचेतून हवेची उष्णता साध्या काचेच्या जवळपास निम्मी जाते हे खरं, पण थेट ऊन आत आलंच तर ते काचेच्या बाहेरच अडवावं लागतं, आतल्या पडद्याने भागत नाही. उत्तर गोलार्धात दक्षिणेला आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेला खिडकी ठेवली तर उन्हाळ्याचा उंच सूर्य छज्जा अडवतो आणि थंडीतला खालचा आत येतो. फुकटची सोय आहे.

भिंती जाड की हलक्या यावर साइटवर कायम वाद होतात. मला वाटतं जाड दगडी भिंत रोज राहणाऱ्याला उत्तम, थंड हवेच्या ठिकाणच्या वीकेंड घराला नाही, कारण शुक्रवारी रात्री हीटर लावला तर भिंती तापेपर्यंत रविवार उजाडतो आणि तुम्ही निघता तेव्हा घर मस्त उबदार झालेलं असतं. तिथे आतून इन्सुलेशन केलेली हलकी भिंत लवकर तापते. गरम ठिकाणी जाड भिंत चालते पण रात्रीचा गारवा आत घ्यायला खिडक्या उघडायला कोणी नाही, म्हणून परत तेच, झरोके आणि झडपा. आणि तो दुमजली उंचीचा हॉल, थंडीत सगळी ऊब वर जाऊन बसते, वरच्या माळ्यावर झोपलेले घामाघूम आणि खालचे कुडकुडत, शिवाय खाली पत्त्यांचा डाव रंगला की वरची मुलं झोपत नाहीत. उंची ठेवा, पण झोपायच्या खोल्या दार लावता येतील अशा वेगळ्या काढा.

शुक्रवार रात्र आणि रविवार संध्याकाळ या दोन वेळा कागदावर चालून बघाव्यात असं मी प्रत्येकाला सांगतो. रात्री अंधारात गाडीतून उतरलात, एका हातात झोपलेलं मूल, दुसऱ्यात पिशव्या, तर कुलपावर उजेड पडतो का, पावसात भिजल्याशिवाय आत जाता येतं का, चिखलाचे बूट कुठे काढणार, ओले कपडे कुठे वाळत घालणार? अमेरिकन शेतघराला मागच्या दाराशी बूट-कोट काढायची खोली असते, मडरूम, स्टाइलमधली खरी कामाची गोष्ट ही आहे आणि नकाशा छोटा करायचा म्हटलं की पहिल्यांदा कात्री हिलाच लागते. तसंच निघताना, पाण्याचा मेन कॉक दाराजवळ हवा, घराच्या मागे झुडपात नको, आणि विजेचे दोन भाग हवेत, एक फ्रीज, कॅमेरा आणि बागेचा पंप असा कायम चालू, दुसरा बाकी सगळा, जो एका खटक्यात बंद होईल. बांधताना हे दोन-तीन फूट जास्तीच्या वायरीचं काम आहे, नंतर करायचं तर भिंत फोडावी लागते.

पत्र लांबलं, जागा कमी असेल तर प्लिनीला खुशाल कात्री लावा, सेप्टिक टँकला लावू नका. आणि एक विनंती, पुढच्या वेळी असं घर छापाल तेव्हा फोटोंच्या जोडीला नकाशा आणि छपराचा एक छेद पण द्या, नकाशावर उत्तर दिशेचा बाण असू द्या, आणि मालकाची मुलाखत गृहप्रवेशाच्या दिवशी न घेता दोन पावसाळे गेल्यावर घ्या, तेही शक्य झालं तर शुक्रवारी रात्री, कुलूप उघडताना.

आपला,
एक नियमित वाचक